जळालेले ढग, भडक गवत: कासच्या एका फोटोवर हायलाइट्स आणि रंगांचं काम

सप्टेंबर उजाडला की कासच्या पठाराचे फोटो सगळीकडून यायला लागतात आणि त्यातल्या निम्म्याअधिक फोटोंचं दुखणं एकच असतं. वर आकाश नुसतं पांढरं, खाली गवत डोळ्यांत खुपेल इतकं पोपटी, आणि सोनकीच्या जागी पाकळ्याच नसलेले पिवळे ठिपके. मग एडिटिंगला बसल्यावर आकाशासाठी हायलाइट्सचा (सर्वांत उजळ भागांचा) स्लायडर थेट उणे शंभरवर जातो, गवतासाठी सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वाढतं, आणि फोटो आणखी बिघडतो.

माझं म्हणणं असं की ही दोन वेगळी कामं नाहीतच. उजेड सेन्सरच्या क्षमतेबाहेर गेला की आधी रंग जातो, मग तपशील जातो. ढगातली निळसर झाक, तेरड्याचा गुलाबी, सोनकीच्या पाकळीची घडी, सगळं त्या जास्तीच्या उजेडात विरघळलेलं असतं. तो उजेड नीट आवरला की बराचसा रंग आपोआप दिसायला लागतो, आणि 'रंग वाढवणे' हे काम अपेक्षेपेक्षा फारच थोडं उरतं. म्हणून पुढचा सगळा क्रम आधी उजेड, मग रंग असा आहे.

उदाहरणाला एकच फ्रेम घेऊ: कासचा सडा (पठारावरचा सपाट कातळ), सकाळचे साडेदहा-अकरा, ढगांतून मधूनच ऊन. समोर सोनकी आणि तेरडा, मध्ये ओलं गवत आणि जांभ्याची लाल पायवाट, मागे तळ्याचा तुकडा, वर उजळ ढग. मी लाइटरूम क्लासिकच्या भाषेत लिहितोय, कारण बहुतेकांकडे तेच असतं. फुकटातलं डार्कटेबल वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

आधी हे पाहा: परत येण्यासारखं काही उरलंय का?

सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो, आणि नेहमीच्या मांडणीत निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात. दिवसाच्या उजेडात साधारणपणे हिरवा चॅनेल, म्हणजे हिरव्या पिक्सेलांची नोंद, सगळ्यांत आधी भरतो, कमाल पातळीला पोचतो. त्यामुळे 'आकाश जळालं' याचे तीन प्रकार होतात. एकच चॅनेल भरला असेल तर उरलेल्या दोघांवरून सॉफ्टवेअर तिसऱ्याचा चांगला अंदाज बांधतं आणि ढग परत येतो. दोन भरले असतील तर छटा येते, पण रंग भरवशाचा नसतो. तिन्ही भरले असतील तर तिथे काहीच नाही, आणि कुठलाही स्लायडर ते आणू शकत नाही.

हे सगळं रॉ फाइलबद्दल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलबद्दल. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक चॅनेलला १६,३८४ पातळ्या असतात, जेपेगमध्ये २५६. शिवाय जेपेग बनवताना कॅमेऱ्याने वरचा भाग आधीच कापून टाकलेला असतो. जेपेगवर हायलाइट्स उणे वीस-तीसपर्यंत ओढा, त्यापुढे ढग मळकट व्हायला लागतो. अलीकडचे बरेच फोन रॉ देतात, आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये २०२० पासून प्रो-रॉ आहे. निसर्गचित्रासाठी तो चालू करायचा कंटाळा करू नका.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसणारा हिस्टोग्राम (कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख) मात्र रॉचा नसतो. तो फाइलमधल्या जेपेग प्रिव्ह्यूवरून काढलेला असतो. म्हणून तिथे 'जळालं' असं लुकलुकत असताना रॉमध्ये अजून थोडी जागा शिल्लक असू शकते. ती किती, हे प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं, आणि आपल्या कॅमेऱ्याचा अंदाज आपणच घ्यायचा. पिक्चर स्टाइल 'न्यूट्रल' किंवा 'फ्लॅट'वर ठेवली तर तो हिस्टोग्राम रॉच्या जरा जवळ येतो. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हायलाइट-वेटेड मीटरिंग आहे, म्हणजे उजळ भाग सांभाळून उजेड मोजण्याची पद्धत. ढगाळ सड्यावर ते लावून मोकळं व्हावं. शंका असेल तेव्हा एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) थोडं कमी ठेवा. अंधार उचलला तर नॉइज (दाणेदारपणा) येतो, पण तो निस्तरता येतो.

पायरी १: प्रोफाइल आणि व्हाइट बॅलन्स

बहुतेक जण व्हाइट बॅलन्स शेवटी बघतात. तो पहिला हवा, कारण व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लाल आणि निळ्या चॅनेलला केलेला गुणाकार. तो बदलला की कुठला चॅनेल काठाला लागतो तेही बदलतं. आधी हायलाइट्स आवरून मग रंगाचं तापमान वाढवलंत, तर सोनकीचा लाल चॅनेल पुन्हा फुटतो आणि केलेलं काम वाया जातं.

प्रोफाइल, म्हणजे रॉचे रंग कसे दाखवायचे याचा साचा, 'अडोबी कलर' ठेवा. 'अडोबी लँडस्केप' हे नाव पाहून मोह होतो, पण त्यात हिरवा-निळा आधीच चढवलेला असतो. पावसाळ्यातल्या सह्याद्रीला ती मदत नको असते.

ऑटो व्हाइट बॅलन्सचा इथे एक ठरलेला घोटाळा आहे. फ्रेमभर हिरवं असलं की कॅमेरा ते 'दुरुस्त' करायला जातो आणि सगळ्यावर किंचित जांभळट झाक चढते. ढगाच्या राखाडी, न जळालेल्या भागावर ड्रॉपर टेकवून पाहा (अगदी पांढऱ्या भागावर नको, तिथे आकडे खोटे असतात). मग डोळ्यांनी थोडं उबेकडे न्या. आपल्या फ्रेमला ५,४०० ते ५,८०० केल्विनच्या आसपास बरं दिसतं. सात हजारावर नेलंत तर गवत आणि सोनकी एकाच पिवळ्यात मिसळतात, आणि पुढे त्यांना वेगळं करणं जिवावर येतं.

पायरी २: काय जळालंय ते नीट वाचा

डेव्हलप मॉड्यूलमध्ये कीबोर्डवरची 'J' ही कळ दाबली की जळालेले भाग लाल दिसतात. पण खरी माहिती ऑल्ट धरून मिळते, मॅकवर ऑप्शन. ऑल्ट दाबून व्हाइट्सचा स्लायडर हलवा. पडदा काळा होतो आणि जिथे चॅनेल भरलाय तेवढंच दिसतं, तेही रंगात. पांढरं दिसलं तर तिन्ही चॅनेल गेले. लाल दिसलं तर फक्त लाल. पिवळं दिसलं तर लाल आणि हिरवा दोन्ही.

आपल्या फ्रेमवर हे करून पाहिलं की ढगात पांढरे डाग दिसतील, ते अपेक्षितच आहेत. पण खाली सोनकीच्या जागी लाल-पिवळे ठिपके चमकतात, तिकडे लक्ष द्या. ही फुलं डोळ्यांना मुळीच 'जास्त उजळ' वाटत नाहीत, आणि तिन्ही चॅनेल एकत्र करून दाखवणाऱ्या हिस्टोग्राममध्येही ती पकडली जात नाहीत. निळा चॅनेल जवळजवळ रिकामा असतो, त्यामुळे सरासरी उजेड कमीच दिसतो. पण लाल चॅनेल भरलेला असतो, म्हणून पाकळ्यांमधली सीमा पुसली जाते. भडक फुलांचे फोटो सपाट दिसण्याचं हेच कारण. त्यांच्यावर सॅच्युरेशन चढवणं म्हणजे भरलेल्या चॅनेलमध्ये आणखी ओतणं.

पायरी ३: ढग परत आणणे

आधी एक्स्पोजर. पूर्ण फ्रेम उणे ०.३ ते उणे ०.५ करा आणि पाहा. पुष्कळदा निम्मं काम इथेच होतं, शिवाय सगळ्या छटांचं आपसातलं नातं तसंच राहतं. हायलाइट्सचा स्लायडर फक्त वरच्या छटा दाबतो, म्हणून त्याच्यावर सगळा भार टाकला की ढग खोटा वाटायला लागतो.

मग हायलाइट्स उणे ४० ते उणे ६०. त्यानंतर व्हाइट्स उलट्या दिशेने, अधिक १० ते अधिक २०. आधी खाली ओढून परत वर का? कारण ढगात कुठेतरी खरा पांढरा बिंदू लागतो. तो नसेल तर सगळा ढग डाळीच्या पाण्यासारखा एकसुरी दिसतो. माउस ढगावर फिरवत हिस्टोग्रामखालचे टक्के वाचा: सर्वांत उजळ कड ९५-९७, ढगाचा मधला भाग ८० ते ८८. हे आकडे कायदा नाहीत, पण मधला भाग सत्तरच्या खाली गेला की ढग पावसाचा वाटतो आणि खाली मात्र उन्हात चमकणारी फुलं असतात. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

फ्रेममध्ये तळं आहे, त्याचा फायदा घ्या. पाण्यातलं आकाशाचं प्रतिबिंब प्रत्यक्ष आकाशापेक्षा उजळ नसतं, कारण पडलेल्या उजेडाचा काही भाग पाणी पोटात घेतं. तुमच्या एडिटमध्ये वरचं आकाश तळ्यातल्या आकाशापेक्षा गडद झालं असेल, तर हात जास्त चाललाय. आकाशाच्या एडिटिंगची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

दोन अडचणी हमखास येतात.

एक, गुलाबी ढग. हायलाइट्स ओढले की ढगाची कड गुलाबी-जांभळी होते. हिरवा चॅनेल भरून थांबलेला असतो, लाल आणि निळा गुणाकारामुळे त्याच्या वर जातात, आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो. लाइटरूम हे बऱ्याचदा स्वतःच सावरतं. राहिलंच तर त्या भागावर ब्रश फिरवून सॅच्युरेशन उणे ६०-७० करा. डार्कटेबलमध्ये 'हायलाइट रिकन्स्ट्रक्शन' या मॉड्यूलची पद्धत 'इनपेंट अपोज्ड' ठेवली की बहुतेक प्रश्न सुटतो.

दोन, राखाडी थिगळ. तिन्ही चॅनेल गेलेल्या जागेला खाली ओढलं की तिथे ढग येत नाही, नुसता कडक कडेचा राखाडी डाग येतो. तिथे थांबा आणि तो भाग पांढरा राहू द्या. ढगाआडच्या सूर्याभोवतीचा पांढरा भाग खऱ्या डोळ्यांनाही पांढराच दिसत होता. प्रत्येक जळालेला बिंदू वाचवायलाच हवा, ही समजूत सोडली तर निम्मी एडिट्स सुधारतील.

डार्कटेबलमध्ये हायलाइट्स नावाचा स्लायडर शोधत बसू नका. 'एक्स्पोजर' लावून 'टोन इक्वलायझर'मध्ये उजवीकडचे दोन-तीन बिंदू खाली घ्या आणि 'सिग्मॉइड' किंवा 'फिल्मिक आरजीबी'ला शेवटचा उतार सांभाळू द्या.

पायरी ४: फक्त आकाशापुरतं

कासचा सडा जवळजवळ सपाट, क्षितिजही सरळ. त्यामुळे साधा लिनिअर ग्रेडियंट, म्हणजे खाली हळूहळू विरत जाणारी निवड, पुरतो: एक्स्पोजर उणे ०.३, हायलाइट्स उणे १५, टेक्स्चर अधिक १०. ग्रेडियंट लांब ठेवा, आखूड ठेवला तर आकाशात पट्टा दिसतो.

तेच हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा लोहगडचा विंचूकाटा असेल तर ग्रेडियंट कड्यावरही उतरतो आणि माथा काळा पडतो. तिथे 'सिलेक्ट स्काय' घ्या आणि 'ल्युमिनन्स (उजळपणा) रेंज'ने छेद देऊन मास्क (निवडलेला भाग) फक्त उजळ भागापुरता ठेवा. मग १०० टक्के झूम करून कड्याची कड तपासा. तिथे पांढरी किनार उमटली असेल तर मास्कमधलं एक्स्पोजर कमी ओढा. ही किनार फोनवर दिसत नाही, पण प्रिंटवर पहिली तीच दिसते.

डीहेझ या धुकं कमी करणाऱ्या स्लायडरबद्दल माझं मत जरा कडक आहे. पावसाळ्यातल्या सह्याद्रीत धुकं हाच विषय असतो, आणि लोक नेमकं तेच पुसून टाकतात. डीहेझ गडद करतं, रंग चढवतं आणि लांबच्या डोंगरांना निळं करतं. आकाशाच्या मास्कमध्ये अधिक ५ ते १०, जमिनीवर शून्य.

सावल्यांचं काम पटकन उरका: शॅडोज अधिक २० ते ३०, ब्लॅक्स उणे ५ ते १०. ओला कातळ काळा दिसायलाच हवा. शॅडोज ७०-८० वर गेले की कातळ राखाडी होतो आणि शेजारचा हिरवा फिका पडतो.

दोन-तीन एक्स्पोजर जोडून एचडीआर करायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. सड्यावर वारा थांबत नाही. फुलं प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात आणि जोडल्यावर पाकळ्यांची भुतं दिसतात. 'डीघोस्ट' लावून ती पूर्ण जातातच असं नाही. ढगांसाठी सांभाळून घेतलेली एकच रॉ फ्रेम इथे जास्त कामाची. कड्यावरचा सूर्यास्त असेल, जिथे समोर हलणारं काही नाही, तिथे दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फ्रेम जरूर घ्या.

पायरी ५: आता रंग

रंगाच्या एकाही स्लायडरला हात न लावता पडद्यापासून दोन हात मागे सरका आणि पाहा. ढगात निळसर झाक आली असेल, तेरडा गुलाबी झाला असेल, पायवाट लाल दिसत असेल. काम थोडंच राहिलंय.

सुरुवात हिरव्यापासून, आणि तीही तो कमी करून. पावसाळी गवताचा रंग सॉफ्टवेअरच्या हिशेबात बहुतांशी पिवळ्यात मोडतो, हिरव्यात थोडाच. म्हणून लोक कलर मिक्सरमधला 'ग्रीन' ओढत बसतात आणि गवत ढिम्म हलत नाही. 'यलो'ची ह्यू (रंगाची छटा) अधिक १० ते १५ केली की पोपटी गवत खऱ्या हिरव्याकडे सरकतं. पण आपल्या फ्रेममध्ये लगेच अडतं: सोनकीही पिवळीच. तोच स्लायडर तिला लिंबाच्या सालीसारखी हिरवट करून टाकतो.

इथे 'पॉइंट कलर' कामी येतं. ते ऑक्टोबर २०२३ पासून लाइटरूममध्ये आहे. ड्रॉपरने गवताचा रंग उचला आणि 'रेंज' कमी करत जा, 'व्हिज्युअलाइज रेंज' लावून सोनकी निवडीबाहेर गेली का ते बघत. मग ह्यू थोडी हिरव्याकडे, सॅच्युरेशन उणे १५ ते २०, ल्युमिनन्स उणे १०. आवृत्ती जुनी असेल तर 'कलर रेंज' मास्क काढा आणि फुलं ब्रशने वजा करा. थोडं हमालीचं काम आहे, पण होतं. डार्कटेबलमध्ये 'कलर झोन्स' किंवा नव्या आवृत्तीत 'कलर इक्वलायझर'.

गवताचा रंग उतरवला की तेरडा एकदम उठून दिसतो, त्याला हातही न लावता. सगळेच रंग ओरडत असतील तर एकही ऐकू येत नाही. कासवर ओरडायचा हक्क फुलांचा.

सोनकीला उजेड कमी हवाय, रंग नको. दुसरा पॉइंट कलर फुलावर टेकवा: ल्युमिनन्स उणे १५, सॅच्युरेशन उणे ५ ते १०. १०० टक्क्यांवर पाहा, पाकळ्या एकमेकींपासून सुट्या होताना दिसतील. तेवढंच पुरे.

सीतेची आसवं किंवा कारवी फ्रेममध्ये असेल तर ती कॅमेऱ्यात वाजवीपेक्षा निळी येते, जागेवर मात्र जांभळी दिसलेली असते. 'ब्लू'ची ह्यू थोडी उजवीकडे घ्या. आकाशही त्याच स्लायडरमध्ये येतं, म्हणून निळं आकाश असेल तर हेही पॉइंट कलरनेच करा.

जांभ्याच्या पायवाटेला 'ऑरेंज'चं सॅच्युरेशन अधिक ५ ते ८. ओली माती आधीच गडद असते. जास्त चढवली तर ती विटांच्या भट्टीजवळची वाटेल.

आता व्हायब्रन्स अधिक १० ते १५, सॅच्युरेशन शून्य. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त उचलतं आणि आधीच भरलेल्यांना कमी, म्हणून इथे ते योग्य. सॅच्युरेशन सगळ्यांना सारखंच ढकलतं आणि सोनकी पुन्हा फोडतं. कलर ग्रेडिंग करायचंच असेल तर सावल्यांत किंचित निळं, उजेडात किंचित ऊबदार, दोन्हींचं प्रमाण पाच-सातच्या आत. नाही केलं तरी फोटोचं काही अडत नाही.

फोनवर स्नॅपसीड वापरणाऱ्यांनी 'अ‍ॅम्बियन्स'पासून सावध राहावं. तो एकाच वेळी सावल्या उचलतो आणि रंग चढवतो, म्हणून पहिल्या क्षणी जादू वाटते. 'ट्यून इमेज'मध्ये हायलाइट्स उणे ३०, सॅच्युरेशन शून्य, आणि फुलांसाठी 'सिलेक्टिव्ह'चा बिंदू. स्नॅपसीड डीएनजी (रॉ फाइलचा एक प्रकार) हीही उघडतं, तेव्हा रॉ असेल तर तीच उघडा.

पायरी ६: बाहेर पाठवण्याआधी

'S' ही कळ दाबून सॉफ्ट प्रूफिंग (एक्स्पोर्टनंतर फोटो कसा दिसेल याची झलक) चालू करा, प्रोफाइल एसआरजीबी (वेब आणि फोनसाठीची नेहमीची रंगांची चौकट) निवडा आणि गॅमटची, म्हणजे त्या चौकटीत न मावणाऱ्या रंगांची, सूचना लावा. लाल डाग बहुधा सोनकी आणि तेरड्यावरच येतील. हे रंग तुमच्या महागड्या पडद्यावर दिसतात, पण एसआरजीबीत मावत नाहीत. एक्स्पोर्ट करताना ते काठावर दाबले जातात आणि पाकळ्या पुन्हा सपाट होतात. सोनकीच्या पॉइंट कलरचं, आणि तेरड्यावर नवा पॉइंट कलर टेकवून त्याचं, सॅच्युरेशन डाग जवळजवळ जाईपर्यंत उतरवा.

पडद्याची ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलेला फोटो छापल्यावर काळपट येतो. छापायचा असेल तर पडदा मंद करून, उन्हाची तिरीप न येणाऱ्या जागी बसून काम करा, आणि मोठ्या प्रिंटआधी एक छोटी प्रिंट काढून पाहा.

एक्स्पोर्ट: जेपेग, एसआरजीबी, क्वालिटी ८५-९०. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि मेहनतीने आणलेल्या ढगांत पट्टे उमटतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

त्याच सकाळचे बाकीचे फोटो असतील तर सेटिंग 'सिंक' करा, पण एक्स्पोजर आणि मास्क यांच्या खुणा काढून. ढगांतलं ऊन मिनिटा-मिनिटाला बदलतं, त्यामुळे एका फ्रेमचं एक्स्पोजर दुसऱ्याला बसत नाही. प्रोफाइल, व्हाइट बॅलन्स आणि पॉइंट कलर मात्र बहुतेक वेळा जसेच्या तसे चालतात. प्रत्येक फ्रेमवर फक्त ऑल्ट धरून व्हाइट्स तपासा आणि आकाशाचा मास्क नव्याने काढा.